हजार दिवस न थांबलेला सर्व्हर

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.४०

नवीन वही. गेल्या वर्षीची १९ जानेवारीलाच थांबली होती. यंदा तसं होणार नाही. तांत्रिक माणसाने नोंदी ठेवल्याच पाहिजेत, नाहीतर पुढच्यांना कळणार कसं की काम कसं होत होतं.

आजची स्थिती: सर्व्हर सलग ९६१ दिवस चालू. एकदाही रीस्टार्ट नाही. लोणावळ्यात गुरुवारी लाइट जाते, पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस येत नाही, तरीही. इन्व्हर्टर ही माझी कल्पना. मोठ्या कंपन्यांना जे जमत नाही ते तीन खोल्यांच्या संस्थेत एका माणसाने करून दाखवलं आहे. कुणी बोलून दाखवत नाही, ती गोष्ट वेगळी.

सर्व्हरवर इंद्रायणीताईंनी एकवीस वर्षं मावळात गावोगाव फिरून जमवलेले बायकांचे आवाज आहेत. दळणाच्या ओव्या, भातलावणीची गाणी, पाळणे. एकूण २,३३६ फाइली. गाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त बायका आता हयात नाहीत. त्यांचा आवाज जगात कुठे असेल तर तो माझ्या लोखंडी कपाटात आहे. जबाबदारी मोठी आहे. पेलतो आहे.

१४ फेब्रुवारीला हजार दिवस पूर्ण होतील. पेढे आणायचे.

बाकी संकल्प: चहा दिवसातून दोनदाच. मेल रोजच्या रोज. बॅकअपसाठी आणलेली नवी हार्ड डिस्क ड्रॉवरमध्ये पडून आहे, ती उघडायची. (सील फोडलं की वॉरंटी सुरू होते, म्हणून थांबलो आहे. जुनी डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली आहेच.)

८ जानेवारी, बुधवार

९६३.

फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांची मेल आली. त्यात म्हणे एक भोक सापडलं आहे. पासवर्ड नसतानाही बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकतो. गंभीर आहे, भोक बुजवणारा पॅच ताबडतोब टाका, सर्व्हर रीस्टार्ट करा, आणि पॅच टाकेपर्यंत तो इंटरनेटपासून तोडून ठेवा.

ताबडतोब! या लोकांचं सगळंच ताबडतोब असतं. रीस्टार्ट केला की ९६३ चं होणार शून्य. ३७ दिवस राहिले आहेत.

इंटरनेटपासून तोडता येणारच नाही. लॉकडाउनमध्ये ताईंना तळेगावहून इथे येता येईना, तेव्हा मीच सर्व्हरला बाहेरून वाट काढून दिली होती. घरबसल्या त्या ऐकायच्या. विश्वस्तांच्या सभेत त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं होतं. आता ती वाट बंद करायची?

शिवाय विचार करायला हवा. परदेशात बसलेल्या चोराला पवनेकाठच्या म्हाताऱ्यांच्या ओव्यांचं काय करायचं आहे?

निर्णय: रविवार १६ फेब्रुवारी, सकाळी दहा. हजार पूर्ण झाल्यावर शांतपणे. कॅलेंडरवर लाल गोल केला. काम जवळजवळ झाल्यासारखंच वाटतंय.

१३ जानेवारी, सोमवार

वल्लरीनेही ते पॅचचं कुठेतरी वाचलं. वल्लरी म्हणजे आमच्याकडे आवाज ऐकून शब्द लिहून काढते ती. काम चांगलं करते, पण गावांच्या क्रमाने जाते. सध्या इंदुरीवर आहे. म्हणाली, बाळकाका, ते लगेच करायचं असतं ना? मी म्हटलं, तारीख ठरली आहे. ती म्हणाली, तारीख चोरांनाही कळवलीत का?

हल्लीच्या मुलींना विनोद फार सुचतात.

तिच्या कॉम्प्युटरवर अकरा फाइली सापडल्या. नेटवर्क हळू चालतं म्हणून कॉपी करून घेतल्या म्हणे. हा माझ्या नियमांचा सरळसरळ भंग आहे. तिला बोललो. सर्क्युलर काढलं: ‘सर्व्हरवरील कोणतीही फाइल अन्यत्र ठेवू नये.’ संस्थेत आम्ही दोघंच बसतो, म्हणून एकच प्रत काढली. तिने सही केली. फाइली पुसल्या की नाही ते बघायला हवं.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी १२

लाइट नाही. सर्व्हर इन्व्हर्टरवर. ९७१.

तिकोणा पेठेहून एक गृहस्थ मोटरसायकलवर आले. पन्नाशीचे, टोपी हातात. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “सायब, माजी आई हाय का तुमच्याकडं?”

मला आधी कळेचना. मग त्यांनी नीट सांगितलं. नाव हौशीराम. आई कस्तुराबाई, गेल्या वर्षी वारली. “बाई आलत्या मशीन घिऊन. आईनं जात्यावर बसून म्हनलं व्हतं. आमच्याकडं तिचा फोटू हाय, आवाज न्हाई. फोनात बी न्हाई कुनाच्या. तिला फोनवर बोलायला आवडायचंच न्हाई.”

रजिस्टर पाहिलं. कस्तुराबाई, तिकोणा पेठ, नोव्हेंबर २०१९. फाइली दोन. म्हटलं, आहे.

तेव्हा ते खुर्चीत बसले.

तेवीस फेब्रुवारीला वर्षश्राद्ध आहे. तिन्ही बहिणी यायच्या आहेत. त्यांना ऐकवायची आहे. आत्ता थोडी ऐकवता का, असं विचारत होते. पण इन्व्हर्टरवर फक्त सर्व्हर चालतो, ऐकायचं मशीन नाही. त्यांना तसं समजावलं. शिवाय हे असं तोंडी होत नाही, अर्ज लागतो, त्यावर ताईंची सही लागते. म्हणाले, “व्हय, कायद्यानं जे आसंल ते.” समजूतदार माणूस.

लाइट पाच वाजता आली. तोवर ते गेले होते.

२७ जानेवारी, सोमवार

९८२.

हौशीराम पुन्हा आले. शनिवार-रविवार जमत नाही त्यांना. गडाखाली नवरा-बायको पिठलं-भाकरीचं दुकान चालवतात, सुट्टीला गिऱ्हाईक असतं. सोबत पेन ड्राइव्ह आणला होता. कुणीतरी पर्यटक विसरून गेलेला, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला.

स्पष्ट नकार दिला. बाहेरचा पेन ड्राइव्ह माझ्या मशीनला लागणार नाही. व्हायरस असाच येतो. सुरक्षेच्या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. अर्जाचा नमुना दिला. तीन प्रती.

दोन-तीन किलो आंबेमोहोर ठेवून गेले. घरचा. घेणार नाही म्हणून मी दोनदा सांगितलं, पण तोवर त्यांनी गाडीला किक मारली होती. बायकोने, अनसूयाने, रात्री भात केला. वास सगळ्या घरभर.

अनसूयाला हकिगत सांगितली. ती म्हणाली, अहो, देऊन टाकायचं होतं, आईचा आवाज मागतोय तो. मी म्हटलं, नियम आहेत म्हणून तर सगळं सुरक्षित आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

महिन्याचा तपासणी तक्ता भरला. धूळ झाडली: होय. इन्व्हर्टरचं पाणी: होय. सॉफ्टवेअर अद्ययावत: होय.

तिसऱ्यापाशी जरा थांबलो. पण विचार केला, पॅचचा निर्णय झालेला आहे, तारीख ठरलेली आहे. ‘नाही’ लिहिलं तर विश्वस्त घाबरतील आणि उगाच चर्चा. आणि तक्ता एकदा ताईंकडे गेला की फेब्रुवारीअखेरपर्यंत कुणी बघत नाही. तोवर झालेलं असेलच. म्हणजे हे थोडं आधी लिहिलेलं खरंच आहे.

दुपारी ताईंचा फोन आला. पेपरात कुठल्याशा ऑफिसचा डेटा गेल्याची बातमी वाचली होती. बाळ, आपलं झालं ना रे ते? मी म्हटलं, झालं ताई. त्या म्हणाल्या, बरं वाटलं.

मलाही बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

९९०. नव्वदीत आलो.

सहज सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. आनंदाची बातमी: बाहेरून येणाऱ्या भेटी एकदम वाढल्या आहेत. एका रात्रीत चार हजार! कुठल्या कुठल्या देशांतून. म्हणजे आपल्या संग्रहाची बातमी विद्वानांपर्यंत पोचली आहे. वार्षिक अहवालात हा आकडा घालायला हवा. ताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, अरे, पण एवढ्या लोकांना मावळी समजते का?

११ फेब्रुवारी, मंगळवार

९९७.

हौशीराम तिसऱ्यांदा. अर्ज तीन प्रतींत, सुवाच्य. ताईंच्या सहीसाठी माणूस स्वतः तळेगावला जाऊन आला. ताईंनी वर पेनाने लिहिलं आहे: ‘बाळ, यांना लगेच दे.’

लगेचच देणार होतो. पण हजाराला तीन दिवस उरलेले असताना सर्व्हरवर एक जादाची कॉपी कशाला? ९९७ ला काही बिनसलं तर जन्मभर हळहळ. सोमवारी १७ ला बोलावलं. तोवर पॅचही झालेला असेल, म्हणजे फाइल एकदम स्वच्छ मिळेल. त्यांच्याच फायद्याचं आहे.

“सोमवारी नक्की ना, सायब? तेवीसला हाय.”

नक्की, म्हटलं.

जाताना ते कपाटाकडे बघत होते. हिरवा दिवा लुकलुकत होता. “त्यात हाय व्हय?” हो म्हटल्यावर त्यांनी लांबूनच हात जोडले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

१०००.

अर्धा किलो पेढे. स्क्रीनचा फोटो काढला. वल्लरीने अभिनंदन केलं आणि दोन पेढे घेतले. मग म्हणाली, आज फाइली फार हळू उघडतायत. मी म्हटलं, हजार दिवस तू न थांबता काम केलंस तर तूही हळूच चालशील.

ताईंनी फोनवर विचारलं, म्हणजे नक्की काय झालं रे हजार दिवसांत? समजावून सांगितलं. काही झालं नाही, हेच झालं. त्या हसल्या.

समाधान.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७

पॅचचा दिवस. सकाळी सहाला उठलो. मन प्रसन्न.

पण अनसूयाच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, इंदुरीत. मी विसरलो होतो. मुहूर्त बाराचा. येतो मागाहून म्हटलं, तर तिने फक्त बघितलं. परतताना महामार्गावर लोणावळ्याच्या अलीकडे दोन तास गाड्यांची रांग. रविवार असल्यावर सगळी दुनिया इथेच येते.

पॅच उद्या सकाळी, पहिलं काम. चाळीस दिवस काही झालं नाही, एका दिवसाने काय होणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

९.१० ला पोचलो. वल्लरी पायरीवर उभी. काका, नावं बदलली आहेत.

प्रत्येक फाइलच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांचं शेपूट. एकही उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, इंग्रजीत: तुमच्या फाइलींना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी तर या पत्त्यावर लिहा.

बॅकअपची डिस्क बघितली. सर्व्हरला जोडलेली. तिच्यावरही तेच.

नवी डिस्क ड्रॉवरमध्ये, सील तसंच.

रीस्टार्ट केला. काही फरक नाही.

११.३०. हौशीराम आले. धुतलेले कपडे. खिशातून पाकीट काढलं, न फोडलेलं. “नवा कोरा घेतला, सायब. ह्यात व्हायरस नसंल.”

मी म्हटलं, आज सिस्टिम स्लो आहे. व्हॉट्सॲपवर पाठवतो, रविवारी सकाळपर्यंत. नंबर लिहून घेतला. ते म्हणाले, तेच बरं, बहिणींना बी फारवर्ड करता येल.

हे खोटं बोललो असं मी मानत नाही. रविवारपर्यंत सहा दिवस आहेत. अशी कुलपं उघडतात. मी वाचलं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चिठ्ठीतल्या पत्त्यावर सविस्तर मेल केली. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ अशी सुरुवात. त्यांना संस्थेची माहिती दिली. नफा-तोटा नाही, फक्त म्हाताऱ्या बायकांची गाणी आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठे नाही. कदाचित चुकीच्या दारात आला असाल, असंही सुचवलं. अर्थाचा अनर्थ होऊ नये म्हणून स्पेलिंग दोनदा तपासलं.

पुण्यातल्या सायबर पोलिसांकडे तक्रार. तिथल्या अधिकाऱ्याने एवढंच विचारलं, याचा पॅच जानेवारीतच आला होता, तुम्ही कधी टाकला? मी म्हटलं, टाकायची तारीख ठरली होती. त्याने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर नाही. पुन्हा मेल केली. या वेळी ती पोचलीच नाही, परत आली. पत्ता बंद झालेला.

ताई आल्या. चौऱ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे गेलेले. तळेगावहून रिक्षाने आल्या, काठी टेकत पायऱ्या चढल्या. मी खुर्ची दिली. त्यांनी ती कपाटासमोर ओढायला सांगितली.

मूळ रेकॉर्डिंग? त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रेकॉर्डरमधली कार्डं सर्व्हरवर उतरवली की पुसतो, तीच पद्धत आहे. आणि जुन्या कॅसेटी? त्या २०१८ ला भंगारात गेल्या. जागा अडत होती. सूचना माझीच होती, पण ठराव सर्वानुमते झाला होता.

मग त्यांनी पिशवीतून जानेवारीचा तक्ता काढला आणि माझ्यासमोर धरला.

“बाळ, हे ‘होय’ तुझंच ना?”

मी तारखा सांगायला लागलो. हजार दिवसांचं सांगितलं. इंदुरीचं लग्न सांगितलं. त्या ऐकत होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला पुढे बोलता आलं असतं.

वल्लरी उठली आणि म्हणाली, ताई, माझ्याकडे अकरा आहेत. काकांनी पुसायला सांगितल्या होत्या, मी पुसल्या नाहीत. अकराही इंदुरीच्या.

ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बसल्या बसल्या नावं घ्यायला लागल्या. गावागावाने. बेडसे, सरूबाई. कडधे, दोघी जावा. शिळिंब, ती आंधळी होती ती. कुणी काय वाढलं, कुणाच्या घरी पाऊस गळत होता, सगळं आठवत होतं. तिकोणा पेठेपाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, कस्तुराबाई. आवाज चढा होता तिचा. आणि थांबल्या. काय म्हणाली होती रे ती? काहीतरी फार चांगलं म्हणाली होती.

माझ्याकडे बघत होत्या. मी कपाटाकडे बघत होतो.

पाच वाजता वल्लरी त्यांना पोचवायला गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३

आशा आहे. इंटरनेटवर एक मोफत प्रोग्राम मिळाला. अशी कुलपं उघडतो म्हणतात. कस्तुराबाईंच्या दोन्ही फाइली त्याला दिल्या. सकाळपासून चालू आहे. तीन टक्के झालं.

हिशेब केला. याच वेगाने उद्या सकाळपर्यंत नाही होणार. पण अशा गोष्टी सुरुवातीला हळू असतात, नंतर वेग घेतात. पहिली फाइल तरी होईल. हौशीरामना मेसेज केला: ‘काम प्रगतिपथावर आहे.’ त्यांचं उत्तर आलं, दोन जोडलेले हात.

२३ फेब्रुवारी, रविवार

८.१५ फोन. ८.४०. ९.३०. ९.५०. उचलला नाही. फोन सायलेंटवर ठेवला. अनसूया बघत होती.

१०.२० ला बोललेला मेसेज आला. हौशीरामचा. मागे बायकांचे, भांड्यांचे आवाज. “सायब, समदी बसल्यात. थोरली बहीन जुन्नरवरनं आलीया. नैवेद्य थांबिवलाय आमी. तुमी फकस्त पाठवा, घाई न्हाई.”

ऑफिसला गेलो. प्रोग्राम थांबला होता. स्क्रीनवर एकच ओळ, इंग्रजीत. या प्रकारचं कुलूप या प्रोग्रामने उघडत नाही.

११.०५. ११.४०. १२.१५.

त्यानंतर फोन आला नाही.

३ मार्च, सोमवार

विश्वस्तांची सभा. राजीनामा दिला. कुणी घेतलाही नाही, फाडलाही नाही. टेबलावर तसाच राहिला. विषय पुढे गेला.

वल्लरीने नवीन मशीन उभं केलं. पॅच टाकला. मी शेजारी बसून होतो. रीस्टार्ट धरून नऊ मिनिटं लागली.

बाहेर व्हरांड्यात ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, तू त्या हौशीरामला सांगितलंस? मी म्हटलं, परिस्थिती निवळली की सांगणारच आहे. त्या म्हणाल्या, त्यांचा मला फोन येऊन गेला. काय झालंय ते मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. फोनवर नाही.

७ मार्च, शुक्रवार

जाणार होतो. स्कूटर पंक्चर.

१० मार्च, सोमवार

पंक्चर काढून झालं. ऊन फार.

अनसूयाने कपडे काढून ठेवले आहेत. म्हणाली, उद्या मी पण येऊ का? नको म्हटलं. मग ती म्हणाली, तिकडे जाऊन कारणं सांगू नका हो. एवढंच.

११ मार्च, मंगळवार

दुधिवरे खिंडीतून गेलो. साडेदहाला पोचलो. दुकानाला फडकं बांधलेलं होतं. घर मागेच. हौशीराम अंगणात दावं वळत बसले होते. मला पाहिल्यावर उठले, खाट टाकली, पाणी आणायला आत हाक मारली. तेवीस तारखेचा विषयच काढला नाही. “गाडीवर आला? लय लांब पडलं आसंल.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर दुसरंच काही बोललो असतो. सांगितलं. फाइल गेली. चोरांनी कुलूप घातलं. ते घालता येऊ नये म्हणून एक काम करायचं होतं, नऊ मिनिटांचं, ते मी चाळीस दिवस केलं नाही. केलं म्हणून लिहून दिलं. तुम्ही तीनदा आलात, तेव्हा आवाज होता. पहिल्या दिवशीही होता. मी दिला नाही.

ते दाव्याकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हंजी आता ती कुटं हाय?”

म्हटलं, कपाटातच आहे. पण उघडत नाही. कधी उघडेल असंही नाही.

“हाय, पन उघडत न्हाई.”

हो.

त्यांची बायको चहा घेऊन आली. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. घरात कुठेतरी रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मला वाटलं, आता बोलतील, काहीतरी बोलतील, आणि मी ऐकून घेईन. तेवढ्यासाठीच आलो होतो.

ते म्हणाले, “तुमी ऐकली आसंल की. पाच वरसं तुमच्यापाशीच व्हती.”

मी स्कूटरकडे बघितलं.

“आई सांगायची, म्या तुजं नाव घातलंय त्यात. भनींची बी घातल्यात, पन तुजं आधी. म्या म्हनायचो, कायतरीच. बाईंना विचारलं फोनवर, त्यांच्या ध्यानात न्हाई. लय बायका व्हत्या, त्या तरी काय करत्याल.” आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “येतं का वो, सायब? माजं नाव?”

मी म्हटलं, येतं.

“आदी?”

आधी. पहिल्याच ओवीत.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे पुसले नाहीत, तसेच ठेवले. मग बायकोला हाक मारून म्हणाले, “आगं, सायबांनी ऐकलंय. माजं नाव हाय, पयल्याच ओवीत.” ती पदर तोंडाशी धरून दारात उभी राहिली. हौशीराम फोन शोधायला लागले. थोरलीला लावला. जुन्नरला. “आक्का, सायब आलेत. त्यांनी आईला ऐकलंय. तूच बोल.” आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून म्हातारा आवाज. माझं बी हाय का, दादा?

मी म्हटलं, आहे. तुमचंही आहे.

आणि मधलीचं?

तिचंही.

ती म्हणाली, कशी म्हनलीया? मी म्हटलं, चढ्या आवाजात. एवढं ताईंनी सांगितलेलं होतं, म्हणून सांगता आलं. ती म्हणाली, व्हय, आईच ती. आणि रडायला लागली.

निघताना हौशीराम स्कूटरपर्यंत आले. म्हणाले, आवाज गेला तर गेला, कुनीतरी ऐकलाय, हे बरं झालं. पुन्हा आलो की जेवून जायला सांगितलं. खिंडीपर्यंत मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

त्या दोन फाइली पाच वर्षं माझ्याकडे होत्या. किती मिनिटांच्या आहेत, कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, मला पाठ आहे. मी त्या एकदाही लावल्या नाहीत. २,३३६ पैकी कुठलीच कधी लावली नाही.